वादळ खिडकीतून घरात शिरतं: पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, पालघर
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण



वसईतल्या नंदाखालहून हे पत्र लिहिते आहे. विषय घरांच्या खिडक्या-दरवाज्यांचा आहे. तो किरकोळ वाटेल, आणि जिल्ह्याच्या प्रमुखांनी यात काय लक्ष घालायचं, असंही कुणी म्हणेल. पण चक्रीवादळात घर टिकणार की नाही, हे पुष्कळदा खिडक्या-दरवाज्यांवरच ठरतं. आपल्या किनाऱ्यावर घर बांधताना, बांधकामाला परवानगी देताना किंवा नुकसानभरपाई ठरवताना त्यांचा विचार होत नाही. तो आपल्या कार्यालयाने सुरू करावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेलं. जमिनीवर आलं ते त्या रात्री, दीवच्या पूर्वेला, गुजरातमध्ये. म्हणजे आपल्याला लागली ती फक्त त्याची कड. तरीही कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटर मोजला गेला, सांताक्रूझला चोवीस तासांत 230 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्या जिल्ह्यात वडराईजवळ 'गॅल कन्स्ट्रक्टर' हा तराफा आतल्या माणसांसकट वाहत येऊन रुतला. आमच्याकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या, नारळ मोडले, खांब पडले, कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. करोनाची दुसरी लाट चालू होती. ज्यांच्या घरात आजारी माणूस होता, त्यांना भिजलेली खोली सोडून दुसऱ्याच्या घरी जाण्याचीही सोय नव्हती.

त्याच दिवसांत मुंबईत बीकेसी, दहिसर आणि मुलुंडच्या कोविड केंद्रांतले 580 रुग्ण वादळ येण्याआधीच हलवले होते, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. प्रशासनाने ठरवलं तर वादळाच्या आधी केवढं काम होतं, हे त्यातून दिसलं. माझी मागणी त्याच जातीची आहे, फक्त ती दोन दिवस आधीची नसून दोन वर्षं आधीची आहे.

आपल्याकडे लोकांचा एक समज पक्का आहे: वादळ येतं, घाबरवतं आणि गुजरातला निघून जातं. तौक्ते तसंच गेलं, 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉयही कच्छला लागलं, त्यामुळे समज आणखी घट्ट झाला. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ भर दुपारी रायगडात शिरलं, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे पिढ्यान्पिढ्यांच्या सुपारीच्या बागा काही तासांत गेल्या. ते जिथे किनाऱ्याला लागलं तिथून वसई काही फार दूर नाही. समुद्रात त्याची वाट जराशी उत्तरेला सरकली असती, तर ते आमच्या अंगणात आलं असतं. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं होतं. नोव्हेंबर 1948 च्या वादळाने मुंबई झोडपून काढली होती. आणि मे 1618 मध्ये खुद्द वसईत असं वादळ झालं, की चर्चची छपरं उडाली आणि हजारो माणसं दगावली, अशी पोर्तुगीज काळातली नोंद आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. हे सगळं एकत्र ठेवलं, की 'आपल्याकडे वादळ येत नाही' या भरवशावर घराची खिडकी निवडणं परवडणारं नाही.

हा भरवसा लोकांच्या मनात आहे, तसा कागदावरही थोडा उतरला आहे. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा, हे भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे. त्याची 2015 ची आवृत्ती सध्या लागू आहे. मुंबईसाठी त्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. हा आकडा लहान नाही. पण चक्रीवादळी प्रदेशासाठी जो जादा गुणक आहे, तो फक्त पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरात किनाऱ्याच्या 60 किलोमीटर रुंद पट्ट्याला लावायला सांगितला आहे. राहत्या घराला त्याने फरक पडत नाही, कारण घरासाठी तो 1 च आहे. मात्र वादळानंतर ज्या इमारतींवर सगळ्यांचा भार येतो, अशा दवाखान्यांसारख्या इमारतींना तो 1.30 आहे. म्हणजे उंबरगावात दवाखाना बांधला तर तो जादा बळकट हवा, आणि थोडं खाली झाई-बोरडीला बांधला तर तशी सक्ती नाही. वाऱ्याला ही सीमा ठाऊक नाही. मानक बदलणं आपल्या हातात नाही, हे मी जाणते. जिल्ह्यातल्या निवाऱ्याच्या इमारतींना तो गुणक आपणहून लावण्याचा आग्रह धरणं मात्र आपल्या हातात आहे.

आता खिडकीकडे येते.

वारा घराला ढकलतो, हे सगळ्यांना कळतं. तो छपराला वर ओढतो, हे कमी जणांना ठाऊक असतं. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या बाजूला दाब कमी करतो आणि पत्रा वर खेचला जातो. घर बंद असेल तोवर एवढंच. पण वाऱ्याच्या बाजूची एक मोठी खिडकी फुटली, की वारा आत कोंडतो आणि छपराला खालून ढकलू लागतो. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, असं दोन्ही एकदम सुरू होतं.

ढोबळ हिशेब मांडते. ताशी 114 किलोमीटरच्या झोतात वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 60 किलो भरतो. छपराच्या कडेला बाहेरची ओढ त्याच्या 0.8 पट धरू. घर नीट बंद असलं, उघडी जागा भिंतीच्या 5 टक्क्यांहून कमी असली, तर मानकाप्रमाणे आतला रेटा 0.2 पट. खिडक्या जाऊन उघडी जागा 20 टक्क्यांच्या वर गेली, तर तोच 0.7 पट. म्हणजे बंद घरात चौरस मीटरला 60 किलो आणि फुटक्या खिडकीच्या घरात 90 किलो. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपराला बंद घरात अडीच टनांच्या जरा आत ओढ बसेल, फुटक्या खिडकीच्या घरात साडेतीन टनांच्या वर. खुद्द पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असतं. बाकीचा सगळा भार पत्रा धरणाऱ्या जे-हुकांवर आणि स्क्रूंवर येतो. निसर्गनंतर रायगडात उडालेल्या पत्र्यांची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यातले किती पत्रे खिडकी आधी गेल्यामुळे उडाले, हे मोजण्याची रीत आपल्याकडे नाही.

आणि हा झोत फक्त 114 चा. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मानकातल्या 158 च्या वेगाला तोच दाब 118 किलोवर जातो. पाच फूट बाय चार फुटांच्या साध्या खिडकीवर तेव्हा सव्वादोनशे किलोंच्या आसपास रेटा येईल, आणि तो एकसारखा नसेल, धक्क्याधक्क्याने येईल.

आमच्या गावातली जुनी घरं पाहिली, की त्या बांधणाऱ्यांना हे आकडे माहीत नसतानाही बरंच कळत होतं असं दिसतं. खिडक्या लहान. लोखंडी गज चौकटीत आरपार घातलेले. जाड फळीच्या दोन झडपा, लांब पट्टीच्या बिजागऱ्यांवर टांगलेल्या. दाराला आतून आडवा अडसर, दोन्ही टोकांना भिंतीत शिरलेला, म्हणजे दारावरचा जोर कडीवर न येता भिंतीवर जाणारा. मंगळुरी कौलं वाऱ्याने निसटतात हे खरं, पण त्यांच्या फटींतून आतला दाबही थोडा निसटून जातो. ही घरं अभेद्य होती असं मी म्हणत नाही. मात्र भोकं किती आणि केवढी ठेवायची, याचा त्यात विचार होता.

गेल्या वीसेक वर्षांत हे सगळं बदललं. वाडीतलं बैठं घर गेलं, दुमजली बंगला आला, वर पत्र्याची शेड आली, आणि भिंतभर रुंद सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. उजेड येतो, वारा येतो, धूळ पुसायला सोपी, लाकडासारखी फुगत नाही, वाळवी लागत नाही. बायकांचं काम त्यामुळे किती हलकं झालं, हे मी घरात राहून पाहिलं आहे. त्यामुळे जुन्या झडपांकडे परत चला, असं मी कुणालाही सांगणार नाही. ही खिडकी वादळात कशी वागते ते सांगणार आहे.

तौक्तेच्या दुपारी मी आमच्या दक्षिणेच्या खिडकीशी उभी होते. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, तीन रुळांची. काच फुटली नाही. तरी खोलीत घोट्यापर्यंत पाणी झालं. कुठून येतंय म्हणून वाकून पाहिलं, तर खालच्या रुळात पाणी तुंबलं होतं, आणि प्रत्येक झोताबरोबर ते उसळून आतल्या कडेवरून खोलीत सांडत होतं, जणू कुणी बाहेरून तांब्याने ओतत होतं. टॉवेल कोंबले, चादरी कोंबल्या. पुढच्या झोताला त्या भिजून पुढे सरकल्या. काचेवर तळवा ठेवला, तर तावदान आत-बाहेर हलताना हाताला कळत होतं. झोत ओसरला की ते बाहेर ओढलं जाई, आणि वरच्या रुळातली त्याची कड खटखट वाजे.

कारण नंतर समजलं. चौरस मीटरला 60 किलोचा दाब पाण्याचा स्तंभ 60 मिलिमीटर वर उचलू शकतो. आमच्या रुळाची आतली कड जेमतेम दीड इंच होती, म्हणजे 38 मिलिमीटर. पाण्याला ती ओलांडायला काहीच जड नव्हतं. रुळात पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रं असतात. ती सिमेंटच्या पुटाने आणि धुळीने बुजली होती. तावदान वरच्या रुळात किती घुसलं आहे ते मोजलं, तर अर्ध्या इंचाच्या आसपास. ते उचलून बाहेर काढता येऊ नये म्हणून वर एक छोटासा ठोकळा बसवायचा असतो, तो बसवलेलाच नव्हता. बसवणाऱ्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, कारण खिडकी घेताना काय विचारायचं हे आपल्याकडे कुणालाच कुणी शिकवत नाही.

काय निवडावं, याबद्दल आता मला कळलेलं सांगते. यातलं बरंचसं जिल्ह्याच्या माहितीपत्रकात यायला हवं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे प्लायवूडचा. सोळा किंवा अठरा मिलिमीटरचा, पाण्यात न उकलणारा, मरीन दर्जाचा प्लाय खिडकीपेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठा कापून ठेवायचा. भिंतीत, म्हणजे गिलाव्यात नव्हे तर आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये, फूटफुटाच्या अंतरावर फास्टनर आधीच बसवून ठेवायचे आणि त्यांची तोंडं प्लास्टिकच्या बुचाने बंद करायची. प्रत्येक फळीवर खिडकीचा क्रमांक आणि वरची बाजू रंगाने लिहायची. वादळाचा इशारा आला, की घरातल्या दोन माणसांनी पान्याने बोल्ट आवळायचे. हे ऐनवेळी करायचं काम नाही. ऐनवेळी प्लाय मिळत नाही, सुतार मिळत नाही आणि भिंतीत ड्रिल मारायला वीजही नसते. पन्हळी पत्र्याच्या फळ्याही अशाच बनवता येतात, वजनाला हलक्या असतात आणि आमच्याकडे प्रत्येक नाक्यावर फॅब्रिकेटर आहे.

अडचण आहे ती बॉक्स ग्रिलची. वसई-विरारमध्ये बाहेर आलेलं ग्रिल नाही असं घर शोधावं लागेल. त्यात कुंड्या, सुकत घातलेल्या पायपुसण्या, सुक्या नारळांचा ढीग. हे सगळं वादळात गोळ्यासारखं काचेवर येतं. ग्रिल स्वतः वारा अडवत नाही, पाणीही अडवत नाही, आणि त्याच्यामुळे बाहेरून फळी बसवता येत नाही. नवं घर बांधत असाल, तर ग्रिल भिंतीच्या जाडीत सपाट बसवा, म्हणजे फळीला बाहेर जागा राहील. जुनं बॉक्स ग्रिल असेल, तर त्यालाच पत्र्याच्या झडपा बिजागरीने जोडून घेता येतात; मात्र ग्रिल भिंतीला किती बोल्टांनी धरलं आहे ते आधी पाहावं. आणि ग्रिलमध्ये आतून उघडणारी एक चौकट हवीच. पाणी किंवा आग आत आली, तर माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे.

विरार पश्चिमेच्या टॉवरांमध्ये बाराव्या मजल्यावर बाहेरून फळी लावणार कोण? तिथे काचच बदलावी लागेल. लोक 'टफन' काच मागतात, कारण ती दणकट म्हणून विकली जाते. ती दणकट आहेच, पण फुटली की तिचे बारीक खडे होऊन सगळं तावदान खाली येतं आणि खिडकीच्या जागी मोकळं भोक राहतं. वादळात लागते ती लॅमिनेटेड काच: दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असलेली, गाडीच्या पुढच्या काचेसारखी. ती तडकते, पण चौकटीत टिकून राहते आणि वारा आत येऊ देत नाही. पापुद्रा जितका जाड तितकं बरं. पण नुसती काच बदलून भागत नाही. चौकट भिंतीला फोम आणि सिलिकॉनने चिकटवलेली असेल, तर अख्खी खिडकीच काचेसकट आत येईल. सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीवर उघडणारी, तीन-चार ठिकाणी कुलूप बसणारी खिडकी वाऱ्याला आणि पाण्याला कितीतरी चांगली तोंड देते, कारण ती रबरावर दाबून बंद होते.

काचेला चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत थांबवायला हवी. दर वादळाला तिचे फोटो फिरतात. पट्टीने काच बळकट होत नाही; उलट फुटलीच, तर मोठे तुकडे एकत्र राहून जास्त इजा करू शकतात, आणि पट्टी लावण्यात वेळ जातो तो वेगळाच. दुसरा गैरसमज असा, की समोरासमोरची एक खिडकी उघडी ठेवली तर वारा आरपार जातो आणि घर वाचतं. असं करू नये. सगळ्या खिडक्या बंद हव्यात, आणि घरातल्या खोल्यांची आतली दारंसुद्धा बंद ठेवावीत, म्हणजे एक खिडकी गेलीच तरी सगळ्या छपराखाली दाब पसरत नाही.

दारांचं थोडक्यात. पुढच्या दाराला वर, खाली आणि मध्ये अशा तीन कड्या हव्यात. दुपाखी दार असेल, तर एरवी बंद राहणाऱ्या पाखाच्या कड्या फरशीत आणि चौकटीत इंचभर तरी शिरल्या पाहिजेत. चौकट होल्डफास्टने भिंतीत पक्की बसवलेली असावी. दुकानांचे आणि गाडीच्या शेडचे गुंडाळी शटर वाऱ्याने फुगतात आणि बाजूच्या खोबणीतून निसटतात. आतून एक-दोन आडव्या पट्ट्या लावण्याची सोय त्यांना करून घ्यावी. जुना अडसर नव्या दाराला बसवण्यात काहीच कमीपणा नाही. माझ्या मते तो सगळ्यांत चांगला.

जग हे सगळं फार मोठी किंमत मोजून शिकलं आहे. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने अमेरिकेतल्या मायामीच्या दक्षिणेची घरं उद्ध्वस्त केली. त्यानंतर तिथल्या प्रशासनाने खिडक्यांसाठी एक कडक चाचणी ठरवली. सुमारे चार किलोंचा लाकडी वासा ताशी 55 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खिडकीवर मारतात, आणि मग त्याच खिडकीवर हजारो वेळा वाऱ्याचा दाब देऊन पाहतात. जी टिकते तीच वादळरोधक म्हणून विकता येते. आपल्याकडे वाशाऐवजी नारळ आणि झावळी धरली, तर ही चाचणी नंदाखालसाठीच केल्यासारखी आहे. आपल्या देशातही दूर जायला नको. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुदने विशाखापट्टणम गाठलं आणि विमानतळाच्या काचा आणि छप्पर दोन्ही गेलं. वादळानंतर जिथून मदत उतरायची, ती जागाच निकामी झाली.

एक गोष्ट खिडकीबाहेरची आहे, पण खिडकीशी तिचा थेट संबंध आहे. समुद्रावरून येणारा वारा सुरूच्या बनांमधून, नारळी-केळीच्या वाड्यांमधून घरापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा जोर मोडलेला असतो. वाऱ्याच्या मानकातही मोकळं मैदान आणि दाट झाडी यांचा हिशेब वेगळा आहे. याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'च्या चळवळीसाठी उभे राहिले, तेव्हा ते पाण्याचं आणि शेतीचं भांडण म्हणून पाहिलं गेलं. वाडी तोडून तिथे सपाट आवार केलं, की मागच्या दहा घरांच्या खिडक्यांवर वाऱ्याचा मारा वाढतो, ही बाजूही त्यात होती. वाडी टिकवणं म्हणजे वाऱ्याला घराबाहेर अडवणं. राजोडी-कळंबच्या सुरूच्या बनांची राखण याच हिशेबात धरावी.

माननीय महोदय, आता मागण्या. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 30 ने जिल्हा प्राधिकरणाला एक मोठा अधिकार दिला आहे. जिल्ह्यातल्या कोणत्याही भागातलं बांधकाम तपासायचं, आणि आपत्ती टाळण्यासाठी ठरवलेली मानकं पाळली गेली नसतील, तर संबंधित यंत्रणेला कारवाई करायला सांगायचं. वसई-विरार महानगरपालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती, सगळ्यांच्या हद्दीत हा अधिकार चालतो. तो वापरून किनाऱ्यालगतच्या नव्या इमारतींचं भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी खिडक्या-दरवाज्यांच्या चौकटी भिंतीत कशा बसवल्या आहेत, काच कोणती आहे आणि छपराचे पत्रे कशाने धरले आहेत, याचं अभियंत्याच्या सहीचं टिपण जोडणं बंधनकारक करावं. एका पानाचं काम आहे.

निवाऱ्यांचा प्रश्न याहून निकडीचा. वादळात लोकांना हलवायचं ते शाळांमध्ये आणि सभागृहांमध्ये. त्यांच्या खिडक्या रुंद असतात आणि छप्पर बहुधा पत्र्याचं. ज्या इमारतीत आपण गाव आणून ठेवणार, तिच्या खिडक्यांना आधी झडपा लागल्या पाहिजेत. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून किनाऱ्यावर निवारे, खारभूमीचे बांध आणि भूमिगत वीजवाहिन्या झाल्या आहेत. त्याच विचाराचा विस्तार करून निवारा म्हणून यादीत असलेल्या प्रत्येक शाळेची वादळी हंगामाआधी तपासणी व्हावी.

मदतीच्या निकषांत घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर अंशतः नुकसान धरतात. घर उभं आहे, भिंती उभ्या आहेत, पण एका खिडकीवाटे आत आलेल्या पाण्याने गाद्या, धान्य, मुलांची पुस्तकं, फ्रीज, वीजजोडणी सगळं गेलं, तर ते घर या टक्क्यांत बसत नाही. निकष केंद्राचे आहेत, हे ठाऊक आहे. पण पंचनाम्याच्या नमुन्यात 'छप्पर जाण्याआधी कोणती खिडकी किंवा दार गेलं' हा एक रकाना जिल्हा पातळीवर वाढवता येईल. दोन वादळं अशी नोंद झाली, तर पुढे सरकारपुढे मांडायला आपल्याकडे स्वतःचा आधार असेल. आज तो नाही.

आणि शेवटची मागणी फॅब्रिकेटर, सुतार आणि गवंड्यांसाठी. वसईत खिडकी कशी असावी हे आर्किटेक्टपेक्षा हीच माणसं ठरवतात. त्यांना दोष देणारं परिपत्रक नको. त्यांना एक दिवस बोलवा. रुळाची कड किती उंच हवी, पाण्याची छिद्रं कुठे ठेवायची, तावदान न निसटण्याचा ठोकळा कुठे बसवायचा, फास्टनर विटेत किती खोल जायला हवा, हे हातात पाना देऊन दाखवा. आयटीआयच्या शिक्षकांना सोबत घ्या. अरबी समुद्राचा वादळी काळ मे-जूनला सुरू होतो आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतो. घरं रंगवण्याची आणि दुरुस्तीची कामं इथे होळीनंतर निघतात, म्हणून हे प्रशिक्षण फेब्रुवारीच्या आत व्हावं. गावात सभागृह मिळवून देण्याची, कारागिरांना निरोप पोचवण्याची आणि प्रात्यक्षिकासाठी दोन-चार घरांच्या खिडक्या खुल्या करून देण्याची जबाबदारी आम्ही रहिवासी घेतो. आपल्या कार्यालयाने तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
नंदाखालची एक रहिवासी